गेम ऐन रंगात आणि टीव्ही काळा: १२० हर्ट्झवर चित्र जाऊन-येऊन असेल तर काय तपासायचं

निपाणीहून एका वहिनींचा फोन आला होता. "ओ भाऊ, आमचा टीव्ही डोळा मारतोय बघा. पोरगं खेळायला बसलं की मारतोय, मी मालिका लावली की गप्प बसतोय." एवढ्या नेमक्या शब्दांत हा दोष मला एखाद्या मेकॅनिकनंसुद्धा कधी सांगितला नव्हता. खेळताना चित्र जातं, दोन-तीन सेकंद पडदा काळा, मग काही झालंच नाही अशा थाटात परत येतं. तोवर पोराची गाडी कठड्याला धडकलेली असते.

बेळगावच्या शहापुरात माझं टीव्ही भिंतीवर बसवून देण्याचं, डिश-साउंडबार जोडून देण्याचं काम आहे. पीएस५ हा सोनीचा गेमिंग कन्सोल आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला आला आणि त्याच्या मागोमाग लोक १२० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवणारे, टीव्ही घ्यायला लागले. तेव्हापासून हा एकच दोष मी बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, अगदी पलीकडं चंदगडपर्यंत जाऊन काढलाय. बहुतेक घरांत टीव्हीही धड असतो आणि कन्सोलही धड असतो. बिघाड असतो तो मधल्या वाटेत. म्हणून खालचा क्रम मोडू नका. फुकटात होणारं आधी, खिशाला लागणारं नंतर.

आधी लक्षणं

पहिला प्रश्न मी फोनवरच विचारतो: चित्र जातं तेव्हा आवाज पण जातो का? दोन्ही एकदम जाऊन एकदम परत येत असतील, तर सिग्नल तुटतोय आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. चित्र गेलं पण टीव्हीतून आवाज चालूच राहिला, तर खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा धरा. पुसटसं चित्र हलताना दिसलं तर टीव्हीची बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) गेलीय, तिथं केबल बदलून काही होणार नाही, टीव्हीचा मेकॅनिकच बोलवा. ओएलईडी टीव्हीला बॅकलाइट नसते, त्यामुळं ही टॉर्चची युक्ती तिथं चालत नाही.

सिग्नल तुटण्याच्या आणखी खुणा: मेनूत आणि सिनेमात ठीक, १२० वर चालणाऱ्या गेममध्येच त्रास. काळं होण्याआधी पडद्यावर पांढरे बारीक ठिपके चमकणं. कधी 'नो सिग्नल'ची पाटी येऊन जाणं. चार्जिंगला लावलेला कंट्रोलर ओढताना कन्सोल जरा हलला की नेमकं त्याच वेळी चित्र जाणं.

काही गोष्टी दोष नाहीत. गेम सुरू होताना एकदाच पडदा काळा होतो, किंवा एचडीआर (उजेड-अंधार जास्त ठळक दाखवायची पद्धत) चालू-बंद होताना होतो, तेव्हा टीव्ही आणि कन्सोल नव्या मापावर जुळवून घेत असतात. त्याला हात लावू नका. चित्र न जाता नुसता उजेड कमी-जास्त होतोय, तेही अंधाऱ्या दृश्यात, तर ती वेगळी भानगड आहे, खाली व्हीआरआरच्या भागात सांगतो.

वाटेत सांडतं म्हणजे काय

गळिताच्या हंगामात संकेश्वरच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या जाताना सगळ्यांनी बघितल्यात. मोठ्या रस्त्यावर बिनघोर जातात. तीच जोडी गावातल्या बोळात घाला, वळणावर ऊस सांडणार. मालिका म्हणजे रिकामी ट्रॉली, ती कुठल्याही बोळातून जाते.

कन्सोलमधून टीव्हीत चित्र आणि आवाज नेणारी जोडणी म्हणजे एचडीएमआय. जुन्या एचडीएमआय २.० ची वाट सेकंदाला १८ गिगाबिट माहितीची. ४के चित्र (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं) सेकंदाला ६० वेळा पाठवायला ती पुरते. १२० वेळा पाठवायचं तर एचडीएमआय २.१ लागतं. हे मानक नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झालं आणि त्याची मर्यादा ४८ गिगाबिट. पीएस५ त्यातले ३२ पर्यंत वापरतो, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स ४० पर्यंत. जोडल्याबरोबर टीव्ही कन्सोलला सांगतो की मला काय काय झेपतं. टीव्हीनं १२० ला 'हो' म्हटलं, कन्सोलनं ट्रॉल्या भरून पाठवल्या आणि बोळात सांडल्या, की दोघं थांबून पुन्हा पहिल्यापासून जुळणी करतात. ते दोन-तीन सेकंद म्हणजे तुमचा काळा पडदा.

ह्यातून एक कामाची गोष्ट निघते. कन्सोलवर १२० चा पर्यायच मिळत नसेल, तर टीव्हीनं 'हो' म्हटलेलंच नाही. पोर्ट किंवा टीव्हीची सेटिंग चुकलीय. पर्याय मिळतो आणि खेळताना चित्र जातं, तर दोष बहुतेक वाटेत. ह्या दोन तक्रारी लोक एकच समजून सांगतात आणि माझा एक हेलपाटा वाढतो.

फुकटातल्या तपासण्या

टीव्हीच्या मागं चार एचडीएमआय पोर्ट असले तरी चारही सारखे नसतात. बऱ्याच टीव्हींत १२० झेपणारे दोनच असतात, आणि त्यातल्याच एकावर ईएआरसी (टीव्हीतला आवाज बाहेर काढायची सोय) लिहिलेलं असतं, जिथं साउंडबार जाऊन बसतो. पोर्टाशेजारी बारीक अक्षरात '४के १२०' असं काहीतरी छापलेलं असतं. भिंतीवरच्या टीव्हीमागं डोकं जात नाही, तर मोबाइल मागं घालून फोटो काढा. अर्ध्या घरांत हा फोटो काढेपर्यंतच उत्तर सापडतं.

मग त्या पोर्टाची टीव्हीतली सेटिंग. एलजीवर ती 'एचडीएमआय डीप कलर' ह्या नावानं सापडते, सॅमसंगवर 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीवर 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट' आणि त्यात 'एन्हान्स्ड'. ही प्रत्येक पोर्टाला वेगळी असते. एकला चालू केली म्हणजे तीनला झाली, असं नसतं. टीव्ही रीसेट केला तर परत मूळपदावर जाते. आमच्याकडं कुणाच्या टीव्हीचा मेनू इंग्रजीत, कुणाचा कन्नडात, कुणी हौसेनं मराठीत केलेला. मी आता चिन्हं बघूनच चालतो.

पुढची पायरी: दोन्ही यंत्रं रिमोटनं नव्हे, भिंतीवरच्या बटणानं बंद करा. एचडीएमआय दोन्हीकडून काढा. पाच मिनिटं जाऊ द्या. केबल दोन्हीकडं तळाला टेकेपर्यंत बसवा, मग आधी टीव्ही चालू, मग कन्सोल. रिमोटनं बंद केलेला टीव्ही नुसता झोपलेला असतो, जुळणीची जुनी माहिती तशीच धरून बसतो. वीज तोडली की ती पुसली जाते. आणि केबल काढ-घाल नेहमी वीज बंद करूनच. ह्यामागं आपल्या घरांच्या वायरिंगचं एक कारण आहे, त्यावर खाली सविस्तर येतो.

एवढ्यानं गेलं नाही तर ओझं कमी करून बघा. ह्या सगळ्या लिखाणातली एकच तपासणी करायची असेल तर ही करा. पीएस५ वर 'स्क्रीन अँड व्हिडिओ'मध्ये १२० हर्ट्झ आउटपुट बंद करून अर्धा तास खेळा. एक्सबॉक्सवर रिफ्रेश रेट ६० करा. त्रास पूर्ण थांबला, तर कन्सोलचा आणि टीव्हीचा जीव शाबूत आहे. वाट अरुंद आहे. ६० वरही चित्र जातंय तर १०८०पी (फुल एचडी) करून बघा. इतक्या हलक्या ओझ्यालाही डोळा मारत असेल, तर केबल पार गेलीय, पोर्ट सैल झालंय किंवा विजेची भानगड आहे.

पीएस५ वर त्याच ठिकाणी '४के व्हिडिओ ट्रान्स्फर रेट' नावाची एक ओळ आहे. ऑटोमॅटिक, उणे एक, उणे दोन असे पर्याय. उण्याकडं गेलं की कन्सोल कमी माहिती पाठवतो. उणे एकवर चित्र टिकलं तर केबलकडं बोट दाखवायला पुरावा मिळाला. तोच कायमचा इलाज म्हणून ठेवलात तरी माझं काही म्हणणं नाही. रंगातला फरक ओळखणारा माणूस मला अजून भेटायचाय.

सेटिंगशी खेळताना पडदा कायमचाच काळा झाला तर घाबरू नका. पीएस५ पूर्ण बंद करा, बटण दाबून धरा. पहिली बीप झाल्यावर साधारण सात सेकंदांनी दुसरी होते, तेव्हा सोडा. कंट्रोलर केबलनं जोडा आणि व्हिडिओ आउटपुट बदलायचा पर्याय निवडा. एक्सबॉक्स सिरीज एक्सला पॉवर आणि इजेक्ट ही दोन्ही बटणं दुसऱ्या बीपपर्यंत धरायची.

मधली मंडळी बाजूला करा

साउंडबार, रिसीव्हर, स्प्लिटर, काटकोनी जोड, केबल लांबवायचा तुकडा: कन्सोल आणि टीव्हीच्या मध्ये जे काही आहे ते काढून थेट जोडा. बरेच साउंडबार आपल्यातून ४के ६० पर्यंतच जाऊ देतात. कन्सोल थेट टीव्हीला, साउंडबार टीव्हीच्या ईएआरसी पोर्टाला, अशी जोडणी केली की आवाज तोच मिळतो आणि चित्राच्या वाटेतला अडसर जातो. वळणासाठी घातलेला काटकोनी जोड मला दिसला की मी बाकी काही न बघता आधी तोच काढतो.

केबल

पैसे लागणारी पहिली गोष्ट. पण आधी कन्सोलच्या खोक्यात आलेली मूळ केबल शोधा. पीएस५ आणि सिरीज एक्सबरोबर येणारी केबल ह्या कामासाठीच बनवलेली असते. लोक काय करतात, तीच कपाटात ठेवतात आणि सेट-टॉप बॉक्सची जुनी केबल लावतात, कारण ती आधीच भिंतीतून ओढलेली असते.

नवी घ्यायची तर 'अल्ट्रा हाय स्पीड' हे शब्द आणि खोक्यावरचं प्रमाणपत्राचं लेबल बघा, त्यावर स्कॅन करायचा कोड असतो. पाकिटावर '८के' मोठ्या सोनेरी अक्षरात छापलेलं असतं, त्याला काडीचा अर्थ नाही. छापायला कुणाची परवानगी लागत नाही. 'एचडीएमआय २.१ केबल' हेही दुकानदारी नाव, केबलच्या अधिकृत प्रकाराचं नाव ते नव्हे. लांबी दोन मीटर, फार तर तीन. साध्या तांब्याच्या केबलमध्ये एवढ्या वेगाचा सिग्नल लांबीबरोबर झपाट्यानं क्षीण होतो. जास्त लांब हवी तर फायबर असलेली केबल घ्यावी लागते. तिला दिशा असते, एका टोकावर कन्सोल आणि दुसऱ्यावर टीव्ही लिहिलेलं असतं. उलटी लावली तर चित्रच येत नाही.

अनगोळात एका नव्या घरात दहा मीटरची स्वस्त केबल प्लास्टरच्या आत घालून वर रंग दिलेला होता. काकांना सांगितलं, केबल बदलावी लागेल. ते माझ्याकडं बघत राहिले, मग भिंतीकडं, मग काकूंकडं. शेवटी कन्सोल टीव्हीखाली आला आणि भिंत वाचली. घर बांधत असाल तर केबल प्लास्टरमध्ये पुरू नका, रुंद पाइप टाकून त्यातून ओढा, म्हणजे पुढं बदलता येते.

टीव्ही भिंतीला चिकटवून बसवला की केबल मागं कट्कन मुडपते. आतल्या तारांच्या जोड्या तिथं चेपतात. वळण मुठीएवढं गोल राहू द्या.

व्हीआरआर आणि अपडेट

व्हीआरआर म्हणजे गेमचा वेग बदलेल तसा टीव्हीनंही आपला वेग बदलायचा. पीएस५ वर ते एप्रिल २०२२ च्या अपडेटनं आलं आणि ४८ ते १२० हर्ट्झच्या दरम्यान चालतं. अंधाऱ्या दृश्यात किंवा लोडिंगच्या वेळी उजेड फडफडत असेल तर व्हीआरआर बंद करून बघा. वेग बदलला की काही पडद्यांवर गडद रंगाची छटाही बदलते, ओएलईडीवर तर हे ठळक दिसतं. हा पडद्याचा स्वभाव आहे, बिघाड नाही. टीव्हीचं सॉफ्टवेअर मात्र अपडेट करा, एचडीएमआयच्या जुळणीतले दोष कंपन्या त्यातूनच काढतात. गावात वायफाय धड नसेल तर अपडेटची फाइल पेनड्राइव्हवर घेऊनही बऱ्याच टीव्हींत घालता येते.

वीज, अर्थिंग आणि वळीव

शहरात बसून लिहिणारे हा भाग गाळतात. आमच्या भागात तो गाळून चालत नाही.

चित्र जातं त्याच क्षणी ट्यूब किंवा पंखाही किंचित दचकतो का, ते बघा. शेतीपंपांची थ्री-फेज सुरू झाली की गावात दिवे मिचकावतात. नुसत्या कमी व्होल्टेजचं टीव्हीला फारसं वाटत नाही. मागचं लेबल वाचा, बऱ्याच टीव्हींवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. झटका बसतो तो क्षणभराच्या खंडाचा. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं एक बटण बहुधा असतं. 'यूपीएस'वर ठेवलं की लाइट गेल्यावर इन्व्हर्टर लवकर पकडतो. खानापूर रोडवरच्या एका घरात मी दोन केबली बदलल्या, टीव्ही अपडेट केला, आणि दोष निघाला ह्या बटणात. त्या दिवशी मजुरी मागायची मला लाज वाटली, चहा घेऊन आलो.

आता अर्थिंग. कन्सोलच्या मागं जाणाऱ्या वायरीला दोनच भोकं असतात, म्हणजे अर्थिंग त्याच्यापर्यंत पोचतच नाही. बऱ्याच टीव्हींचंही तसंच. आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट बाहेरच्या धातूवर येतो. एचडीएमआयच्या टोकाला मी टेस्टर लावतो तेव्हा तो मंद पेटतो, बोटाला कधी मुंग्या येतात. एवढ्यापुरतं ते चालतं. पण त्याच साखळीत छतावरच्या डिशची नाहीतर केबलवाल्याची वायर आली, आणि तिचा संबंध दुसरीकडं कुठं जमिनीशी असला, तर दोन टोकांत व्होल्टेजचा फरक तयार होतो. चालू यंत्रात एचडीएमआय घातली की तो फरक पोर्टामागच्या नाजूक चिपमधून निचरतो. ठिणगी दिसेलच असं नाही. चिप एकदम मरतेच असंही नाही; कधी अर्धवट होते, ६० झेपतं आणि १२० ला धाप लागते. म्हणून वर म्हटलं, आधी केबल बसवा, मग वीज चालू करा.

एप्रिल-मेमधला वळीव हा ह्या दोषाचा खरा हंगाम. ढग गडगडायला लागले की प्लग काढायची सवय सगळ्यांना आहे. पण डिशची वायर आणि राउटरची वायर तशीच राहते, आणि मार तिकडून येतो. जांबोटीकडच्या एका गावात रात्रभर विजा झाल्या, सकाळी टीव्ही चालू, मालिका चालू, सगळे खूश. मुलगा खेळायला बसला तेव्हा कळलं की टीव्हीचं तीन नंबरचं पोर्ट गेलंय आणि कन्सोलचं लॅनही (इंटरनेटच्या वायरीचं पोर्ट). प्लगबरोबर ह्या दोन वायरी काढा. स्पाइक गार्ड लावलाय म्हणून निश्चिंत राहू नका. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नसेल तर त्याचं निम्मं काम होतच नाही.

कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात आणखी एक होतं. चार महिने दमट हवेत पोर्टाच्या पिनांवर थर बसतो. वीज बंद करून केबल दहा वेळा काढ-घाल केली तरी तो घासला जातो. केबलचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि वाळू द्या. रॉकेल, थिनर, शिलाई मशीनचं तेल ह्यातलं काही नको. तोंडानं फुंकू नका, थुंकीचा ओलावाच आत जातो.

अदलाबदल

अजून सुटलं नाही तर कन्सोल आणि त्याचीच केबल घेऊन १२० चा टीव्ही असलेल्या मित्राकडं जा. तिथंही डोळा मारला, तर दोष कन्सोलमध्ये किंवा केबलमध्ये. तिथं तासभर गप्प चालला, तर दोष तुमच्या टीव्हीत किंवा घरच्या विजेत. ही तपासणी शेवटी ठेवली कारण सुरुवातीच्या पीएस५ चं ओझं चार किलोच्या पुढं असतं आणि स्कूटरच्या पायाशी ठेवून नेताना तो आपटलेला मी बघितलाय.

इथं हात थांबवा

मुंग्यांपुरतं नाही, हात झटकला जाईल असा शॉक लागला तर टीव्ही-कन्सोल राहू दे बाजूला, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा आणि अर्थिंग तपासून घ्या. जळका वास आला तरी तेच.

टॉर्च मारून पोर्टात बघा. पिन वाकलेली, आतली पट्टी तुटलेली किंवा पोर्टच हलतंय, तर सुई घालून सरळ करायला जाऊ नका. त्या एवढ्याशा जागेत १९ पिना असतात आणि दोन शेजारणी चिकटल्या की मागची चिप जाते. पोर्ट बदलायला गरम हवेचं सोल्डरिंग आणि सरावाचा हात लागतो. मोबाइलवाल्याकडं द्यायचा असेल तर आधी विचारा, कन्सोलचे पोर्ट किती बसवलेत. उत्तर देताना तो छताकडं बघायला लागला तर कन्सोल उचलून घरी या.

पीएस५ स्वतः खोलून आतपर्यंत जाऊ नका. त्याच्या मुख्य चिपवर द्रवरूप धातू लावलेला असतो. तो सांडला तर बोर्डावर शॉर्ट होतो. टीव्हीचं मागचं झाकण तर काढायचंच नाही, प्लग काढल्यावरही पॉवर बोर्डातल्या कपॅसिटरमध्ये भार राहतो. वॉरंटी असेल तर कुठलाही स्क्रू न फिरवता कंपनीच्या सर्व्हिसला फोन करा.

मेकॅनिकला नुसतं 'चित्र जातंय' सांगू नका. पीएस५ वरची 'व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन' किंवा एक्सबॉक्सवरची '४के टीव्ही डिटेल्स' ह्या पानाचा फोटो, ६० वर थांबतं का, दुसऱ्या टीव्हीवर होतं का, आणि आधी विजा झाल्या होत्या का, एवढं त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवा. तो येताना योग्य केबल घेऊन येईल, आणि तुमचा एका हेलपाट्याचा पैसा वाचेल.